इस्त्रीचा डाग

"मूळ प्रत आणा," पेन्शनचे कारकून उस्ताद नबीह म्हणाले आणि चहाच्या पेल्यात साखरेचा चौथा चमचा ढवळू लागले.

पाटबंधारे खात्याच्या पेन्शन विभागात शौकी अब्दुल-बारीची ही सातवी फेरी होती. नाईलच्या कालव्यावर पाटकरी म्हणून त्याने एकतीस वर्षं काढली होती. त्याआधी तीन वर्षं सक्तीची लष्करी नोकरी, सिनाईच्या वाळूत. ती तीन वर्षं सरकारी सेवेत धरली, तर त्याला याच महिन्यात पेन्शनवर निघता येत होतं. नाही धरली, तर आणखी तीन वर्षं पाण्याची दारं वर-खाली करायची.

काम सोडायची त्याला हौस नव्हती. पण बायको इहसान आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची, मिनीबसमधून, एकटी. मुलगा सामी कुवेतला. शौकीची रजा केव्हाच संपलेली. मागच्या मंगळवारी परत येताना ती स्टँडवर चक्कर येऊन पडली, तेव्हा तिला उठवलं एका अनोळखी कलिंगडवाल्याने. तिच्या हातात अजून तीन वर्षं आहेत का, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते.

"साहेब, ही झेरॉक्स बघा ना. शिक्का दिसतो, नंबर दिसतो."

"दिसतो, पण हाताला लागत नाही. लष्कराचा सेवामुक्तीचा दाखला मूळच हवा."

"मूळ कुठून आणू?"

"लष्कर मी चालवतो का? या उद्या, इन्शाल्लाह."

या कचेरीत इन्शाल्लाह म्हटलं की काम माणसाच्या टेबलावरून उठून थेट देवाच्या टेबलावर जायचं, आणि तिकडूनही लवकर परत यायचं नाही.

शौकी लष्कराच्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "मूळ दाखला आयुष्यात एकदाच मिळतो. हरवला असेल तर पोलिसांचा कागद आणा, दुय्यम प्रत देऊ." शौकी पोलीस ठाण्यात गेला.

"कुठे हरवला?" हवालदाराने विचारलं.

"ते आठवत नाही हो."

"काका, सगळ्यांचा मिनीबसमध्येच हरवतो. तसंच लिहू?"

शौकी दमला होता. सकाळपासून पोटात फक्त अर्धी रोटी आणि वालाची उसळ. "लिहा," तो म्हणाला आणि शपथेखाली सही करून मोकळा झाला.

घरी इहसान भाजी निवडत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हातातली काडी खाली ठेवून मुलाच्या नावाने नवऱ्याला हाक मारली.

"अबू सामी, तो दाखला घेऊन तुम्ही मिनीबसमध्ये बसलात तरी कधी?"

"म्हणजे?"

"नोकरीवर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी त्याला चार घड्या पडल्या होत्या. साहेबासमोर बरा दिसावा म्हणून सदऱ्याबरोबर मी त्यालाही इस्त्री केली. कोपरा करपला. खजुराएवढा डाग! किती ओरडला होतात माझ्यावर. मग तो कागद खात्याने ठेवून घेतला. तुमचा, तुमच्याबरोबर लागलेल्या सगळ्यांचा."

शौकीला लख्ख आठवलं. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, लष्कराचा दाखला, सगळ्यांच्या मूळ प्रती टाचणी लावून फाईलीत. परत मागायचं कुणाला सुचलं नव्हतं. सरकारकडे आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं धरून सगळे निर्धास्त!

दुसऱ्या दिवशी तो टेबलावर जवळजवळ आदळलाच. "साहेब, माझा दाखला तुमच्याकडेच आहे! माझ्या फाईलीत!"

"असेल," नबीह शांतपणे म्हणाले.

"असेल? सात फेऱ्या झाल्या माझ्या!"

"ओरडू नका. फाइल रेकॉर्ड खोलीत आहे. रेकॉर्डकीपर वारला त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून दाराला लाखेचं सील आहे. जो चार्ज घेईल, त्याच्या माथी आतला हरवलेला प्रत्येक कागद. पगारातून कापतात. कोण घेणार चार्ज? म्हणून लोकांना दुय्यम प्रत आणायला सांगतो. सोपं पडतं."

"कुणाला?"

नबीह चहा ढवळत राहिले. शौकी जिना उतरला. राग काढावा तर समोर माणूसच नव्हता. एक दार होतं, आणि दाराशी कसलं भांडण?

बुधवारी डायलिसिस नसतो. इहसान स्वतः कचेरीत आली. दंडाला पट्टी, ओठ सुकलेले. नबीह यांनी उठून तिला खुर्ची दिली. माणूस वाईट नव्हता, फक्त सहा वर्षांत कुणी त्याला काही विचारलं नव्हतं.

"भाऊ, तूही लष्करात होतास ना?"

"होतो, ताई. प्रत्येकालाच जावं लागतं."

"मग तुझा दाखला कुठे आहे?"

"माझ्या फाईलीत."

"आणि तुझी फाइल?"

चमचा थांबला.

"तुझी पेन्शन कधी?"

"दोन वर्षांनी," नबीह हळूच म्हणाले.

"अरे, मग तू तो दाखला कुठे हरवणार आहेस? मिनीबसमध्येच ना?"

शेजारच्या टेबलावरचा कारकून आधी हसला आणि मग एकदम गप्प झाला. त्याचीही फाइल त्याच खोलीत होती. पलीकडच्याचीही. मोठ्या साहेबांचीही! आपल्याच हक्काच्या दारावर आपणच राखण करत बसलो होतो, आणि येणाऱ्याला हाकलत होतो!

सील फोडायच्या परवानगीवर सहा वर्षं न झालेली मोठ्या साहेबांची सही अर्ध्या तासात झाली. पंचनामा करून सील फोडलं. आत धूळ, उंदरांच्या लेंड्या आणि छतापर्यंत गठ्ठे. दुपारनंतर शौकीची फाइल सापडली. करपलेल्या कोपऱ्यावर इहसानने अंगठा ठेवला.

"हाच."

पण नबीह यांचा चेहरा उतरला. "शौकीभाई, पोलिसांनी तुमच्या कागदाची नक्कल इथेही पाठवलीय. दाखला मिनीबसमध्ये हरवला, असं तुम्ही शपथेवर लिहून दिलंय. शपथेवर हरवलेला दाखला मी सापडलेला कसा धरू?"

इहसानने नवऱ्याकडे पाहिलं. "छान! यांनी दाराला लाख लावली आणि तुम्ही सही करून ती पक्की केलीत."

शौकीची मान खाली गेली. सोपं पडतं म्हणून यांनी दार बंद ठेवलं, आणि सोपं पडतं म्हणूनच आपणही खोटं लिहिलं. मग फरक तो काय?

"जातो ठाण्यात," तो म्हणाला. "खोटं बोललो म्हणून सांगतो. होऊ दे काय दंड व्हायचा तो."

"थांबा, मीही येतो," नबीह उठले. "खोटं बोलायला भाग कुणी पाडलं, तेही लिहायला हवं." जाण्याआधी त्यांनी चार्जचं रजिस्टर ओढलं आणि एका दमात सही केली. "खोली आजपासून माझी! हरवलेले कागद माझ्या माथी!"

टेबलावरचा दुपारचा चहा साखर न घालताच गार झाला.

ठाण्यातल्या साहेबाने दोघांना चार खरमरीत शब्द ऐकवले, दंड केला आणि जबाब बदलून घेतला. पुढच्या महिन्यात पेन्शनवर निघालेला शौकी इहसानच्या डायलिसिसच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसला होता. बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला.

मंडळी, आपला कागद ज्याने घेतला, तो शोधून काढणं त्याचं काम. पण जे हरवलेलंच नाही, ते हरवलं म्हणून सही करण्याआधी आपणही थोडं थांबायला हवं. आपण निमूटपणे सही करतो, म्हणून तर अशा खोल्या बंद राहतात!

"कालव्यावर होते तेच बरं होतं," इहसान नर्सला म्हणाली. "घोरणं तरी ऐकू येत नव्हतं."

आणि तिने त्याचा हात काही सोडला नाही.