टोपलीसकट आत

टच्! पाकिटातून गोळी सुटली आणि दुपारच्या शांततेची वाट लागली. सासूबाईंचं घोरणं अडखळलं, पुन्हा सुरू झालं; सहा वर्षांची स्वरदा मात्र टुणकन उठून बसली.

"आई, लपून काय खातेस?"

"लोखंड."

गंधालीला सातवा महिना. मुलुंडच्या एका ज्युनिअर कॉलेजात ती बायोलॉजी शिकवायची आणि तिचंच हिमोग्लोबिन आठ. शुक्रवारी पुन्हा तपासणी. आकडा हलला नाही तर ॲडमिट व्हायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि ही कार्टी अजून आईचा कान धरल्याशिवाय झोपत नव्हती.

"मग तुला चुंबक चिकटेल?"

"नाही गं. रक्तात एक बाई असते, टोपलीत लोखंडाचे दोन कण घेऊन दारोदार हिंडते."

"आपल्या मासेवाल्या सोनूबाईसारखी?"

"अगदी! ती आली की आजी काय करते?"

"टोपलीसकट आत घेते. कोकम सरबत देते."

"पेशीचं दारही तसंच. बाईला टोपलीसकट आत ओढायचं, आंबट पुढे करायचं, की लोखंड सुटलंच. मग रिकाम्या टोपलीनिशी बाईची पाठवणी."

बारावीच्या वर्गात हे इतकं झकास कधी जमलं नव्हतं. खुशीत तिनं चहाचा कप उचलला.

"पण आजी चहा देते ना, तेव्हा सोनूबाई गप्पाच मारत बसते. मासे टोपलीतच."

कप ओठांशी थांबला. दीड महिना! चहा लोखंडाला पोटातच अडकवून ठेवतो, दारापर्यंत जाऊच देत नाही, हे ती दरवर्षी फळ्यावर लिहायची. चुकलं की पोरांचे मार्क कापायची. आणि स्वतः रोज गोळी चहाबरोबर!

"बावळट कुठली," ती स्वतःलाच म्हणाली. चहा बेसिनमध्ये गेला. लिंबाच्या पाण्याबरोबर गोळी घशाखाली गेली. शुक्रवारपर्यंत तीन दिवस. तेवढे पुरत नाहीत, हेही तिलाच माहीत.

"तुझं सगळं लोखंड कुठे गेलं पण?"

"बाळानं घेतलं. त्याच्याकडे दारंच दारं. मला उरो न उरो, ते ओढतंच."

"न विचारता?" स्वरदाचे डोळे विस्फारले. शेजारच्या केयूरचं खोडरबर न विचारता आणलं म्हणून कालच तिला ओरडा बसला होता. ती सरकत जवळ आली. आईचा कान धरला.

"आई, मी पोटात होते तेव्हा मी तरी विचारून घेतलं होतं का गं?"