शेवटची खेप

लातूर जिल्हा झाला तवा आम्ही औशात पेढे वाटले. काय कळत होतं कुनाला! उस्मानाबाद लांब होतं, तवा साहेब कधीमधी फिरकायचा. आता लातूर उशाशी, म्हनून जीप रोजच दारात. त्यात पावसानं तोंड काळं केलेलं, आन् पान्याच्या टँकरचं टेबल आमच्या ह्यांच्याकडं.

बाकीच्या खेपा वरनंच ठरून यायच्या. शेवटची खेप कोनाला, ते ह्यांनी ठरवायचं. दहा गावं टपलेली. एकाला दिली की बाकीच्या गावच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन कचेरीत, वरनं साहेबाची बोलणी निराळीच. घरी आले की हे भिंतीकडं तोंड करून बसायचे. मग स्टँडामागं रेवणप्पाच्या पानपट्टीवर मटका लावाय लागले. म्हनायचे, "आकडा निघूस्तर डोकं शांत राहतंय गं." मी लई भांडले. घरात डबे रिकामे, आन् ह्यांचं डोकं शांत!

मग एकाएकी पगार सगळा घरात यायला लागला. मला वाटलं, सुटला बाबा नाद.

परवा टँकरचा डायवर हनीफ दारात आला. "भाभी, तुमच्या माहेराला पानी मिळत न्हाई, मला बोल लावू नका. तुमच्या मालकांनी दहा गावांना शून्य ते नऊ नंबर टाकलेत. रेवणप्पाकडं जो आकडा निघंल, त्या गावाला दुसऱ्या दिवशी खेप. तुमचं माहेर सात. सात निघतच न्हाई."

माझ्या आंगाची लाही लाही झाली. माझी माय नागुबाई, गुडघे गेलेली, ओढ्यातल्या झऱ्यावर वाटीवाटीनं घागर भरून राहिली, आन् हिकडं जावई मटक्यावर पानी वाटून राहिला!

ह्यांना आल्या आल्या धरलं. "लाज न्हाई वाटत? उद्या खेप माझ्या माहेराला गेली पाहिजे!"

"हाव, जाईल," हे म्हनले. "बाकीच्यांना काय सांगू? सासू हाय म्हनून? मागं मीच ठरवत होतो, तवा ज्या गावाला न्हाई म्हनलं, तिथली पोटुशी बाई विहिरीत उतरली आन् पाय घसरून पडली. माझ्यामुळं. आता आकडा ठरवतो, मला झोप तरी लागती. तू ठरवती? ही घे नंबरांची यादी. सांग, कोनाचं पानी तोडू?"

मी तोंड उघडलं. चार नंबरात माझ्या मैत्रिणीचं, सिंधूचं, लेकरू हगवणीनं आजारी. दोन नंबरात तर गढूळ पानीबी न्हाई. मी उठून चुलीकडं गेले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला, डोक्यावरचा पदर पुढं ओढून मीच पानपट्टीपुढं उभी. "काय निघालं, दादा?"

रेवणप्पा चुना लावता लावता म्हनला, "तीन."

घराकडं वळले. मनात आलं, लई दिवस सात निघाला न्हाई, म्हंजी उद्या निघणारच. आन् मग भर रस्त्यात आपल्याच थोबाडीत ठेवून द्यावी वाटली.