अणकुचीदार गिटार आणि चष्मेवाली

ताईचं चष्म्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक आरशासमोर भलतीच फ्रेम लावून मिरवायला लागलं, की ती तोंडावर सांगायची, "दिसतेय झकास, पण तुमच्या नाकावर टिकायची नाही." अशी ही परखड बाई शनिवारी दुपारी वाद्यांच्या दुकानात शिरली आणि एका अणकुचीदार, काळ्याकुट्ट गिटारीवर भाळली. भाळली म्हणजे काय, पार विरघळली!

तिला इलेक्ट्रिक गिटार हवी होती ती धाकट्यामुळे. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. तो एका बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्यांचा गिटारवाला परगावी गेला, तेव्हा धाकट्याने मोठ्या तोऱ्यात ताईचं नाव सुचवलं. त्याच शनिवारी सकाळी ताई आपली साधी लाकडी गिटार घेऊन सरावाला गेली आणि ड्रमपुढे तिचा आवाज कुठल्या कुठे बुडाला. बँडमधली गाणारी बाई गोड आवाजात म्हणाली, "उद्या इलेक्ट्रिक घेऊन या, बघू. नाहीतर दुसरं कुणीतरी शोधू." परतताना धाकटा तिच्या दोन पावलं पुढेच चालत राहिला. ताईला तेच जास्त लागलं. भावाबरोबर वाजवायची तिची फार वर्षांची हौस होती, आणि ती उद्या मातीत जायची वेळ आली होती.

"मला हीच पाहिजे," ती काळीकडे बोट दाखवत म्हणाली.

"ताई, हिच्यावर तू काय वाजवणार?" बरोबर आलेल्या धाकट्याने विचारलं.

"मी एरवी काय ऐकते? कान फाटतील असं दणदणीत. मग वाजवायलाही तसलीच नको?"

धाकट्याने कपाळाला हात लावला. दुकानदाराने मुकाट्याने काळी खाली काढली आणि शेजारी एक केशरी गिटारही आणून ठेवली. ती आतून पोकळ होती, अंगाने गुबगुबीत आणि रंगाने थेट खोकल्याच्या औषधासारखी.

"ही कुणी नेत नाही," तो म्हणाला, "पण वाजवून बघायला काय जातंय?"

"रंग बघा हिचा!" ताईने नाक मुरडलं. पण तिच्या दुकानात नंबर काढताना भिंगं बदलून रोज चालायचं तेच तिने इथेही सुरू केलं. धाकट्याला स्टुलावर बसवलं, तोंड भिंतीकडे करायला लावलं आणि बजावलं, "मागे वळायचं नाही. मी वाजवते, तू फक्त सांग, कुठली बरी. एक की दोन?"

काळीवर तिने चोरून सराव केलेली एक भरधाव धून काढली. बोटं दोनदा घसरली, पण ती हटली नाही. मग केशरी घेतली आणि नाइलाज झाल्यासारखं आपलं रोजचं, संथ झुलणारं काहीतरी छेडलं.

"एक जोरात आहे," धाकटा भिंतीला म्हणाला. "दोन... काय सांगू? ताई, तू लबाडी करतेयस."

"मी?"

"भिंग बदललंस की समोरचा अक्षरांचा तक्ताही बदलतेस का? एकवर एक गाणं, दोनवर भलतंच! मला गिटार बरी वाटली की गाणं, ते कसं कळणार?"

ताई चांगलीच ओशाळली. दुकानात कुणी असं केलं असतं, तर तिने त्याची सालटीच काढली असती.

तिने पुन्हा काळी घेतली आणि यावेळी आपलं ते संथ गाणं धरलं. ती कायम सहाही तारा बोटांनी हळुवार छेडायची. काळीच्या खरखरीत आवाजात त्या तारा एकमेकींच्या अंगावर कोसळल्या आणि सगळा चिखल झाला. दुकानदाराने खरखर बंद केली, तर गिटार केविलवाणी चिरकायला लागली. तारांखालची मान इतकी अरुंद, की ताईची बोटं एकमेकांना ढकलत होती. कुणी काही सांगायची गरजच उरली नाही. तिने काळी खाली ठेवली. तिला खरंच वाईट वाटलं, कारण त्या काळीबरोबर दुकानातल्या आरशात दिसलेली ताई तिला फार आवडली होती.

मग केशरी. तेच गाणं, तीच लय. सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या आणि तरी एकत्र राहिल्या. दुकानदाराने आवाज वाढवला, तरी त्यातला ऊबदारपणा गेला नाही. ताई रंग विसरली, उद्याचा सराव विसरली. दुसरं कडवं कधी लागलं, तिला कळलंही नाही. बऱ्याच वेळाने तिला आठवलं की आपण इथे परीक्षा घेत होतो. तिने तारांवर हात ठेवला.

"हं, सांग. एक की दोन?"

तिने पायाने त्याचं स्टूल ढोसलं.

"अरे, तुला विचारतेय मी!"

धाकटा स्टुलावर गर्रकन वळला. त्याचे दोन्ही हात ड्रमच्या काठ्या धरल्यासारखे हवेत, जिथल्या तिथे थबकलेले, आणि चेहरा चांगलाच वैतागलेला.

"थांबलीस कशाला?"