उत्तराचा सूर

मित्रांनो, मी खाणकामगारांच्या वसाहतीतील प्रार्थनागृहाची जुनी पायपेटी आहे. सागवानी खोके, एकोणपन्नास पट्ट्या, दोन पायडले आणि पोटात चामड्याचा भाता, एवढाच माझा संसार. मला घडवणाऱ्या कारागिराने प्रत्येक सुराची पितळी जीभ कानाशी धरून तीन-तीनदा घासली होती. निरोप देताना तो म्हणाला, "सासरी नीट वाग, बये. बेसूर झालीस तर नाव माझं जाईल."

मी नीटच वागले. तेथील प्रार्थनेची रीत अशी होती: पुढच्या बाकांवरून बायका विचारीत, "अंधारात सोबत कुणाची?" मग मी एक सूर देई. तो उचलून मागच्या बाकांवरचे पुरुष उत्तर देत, "तुझी, आणि शेजाऱ्याची!" खाणीतून वर येतानाही त्यांच्या ओठांवर हेच उत्तर असे.

एका दुपारी खाण कोसळली. एकतीस पुरुष परतले नाहीत. जखमींना प्रार्थनागृहात आणले तेव्हा घाईत एका लोखंडी स्ट्रेचरचा कोपरा मागच्या फटीतून माझ्या भात्यात घुसला. आठवड्याने प्रार्थना भरली. बायकांनी प्रश्न गायला. वाजवणाऱ्या मास्तरांनी पायडल दाबले, तर नुसती हवा फुसफुसली. सूर मिळेना, म्हणून उरलेले पुरुष गप्प राहिले. बायका उत्तराइतका वेळ थांबल्या आणि पुढची ओळ गायल्या. त्या रडणाऱ्या चेहऱ्यांना 'पेटी बिघडली आहे' असे सांगायला मास्तरांची जीभ रेटली नाही. त्यांनी झाकण लावले, आणि महिन्याभरात ते वसाहत सोडून गेले.

फाटक्या चामड्याची ती शांतता तीन वर्षांत रीत झाली, वीस वर्षांत धर्म झाली. लोक स्वतःला 'थांबणारी माणसे' म्हणवू लागले. कुणी चुकून गुणगुणला की शेजारचा कोपर मारी. माझ्यावर पांढरी चादर आली. येणारा-जाणारा मला नमस्कार करी; धूळ मात्र कुणी पुसत नसे.

अशी चाळीस वर्षे लोटली. उत्तराचे शब्द सर्वांच्या मनात होते, पण त्याची चाल ठाऊक असलेली एकच व्यक्ती उरली: त्या अपघातात नवरा गमावलेली थोरली काकू. तिला आता धाप लागत असे. तिच्याबरोबर ती चालही जाणार होती. तिने भाचजावयाला बोलावले. तो निवृत्त फिटर होता. "जावईबापू, डोळे मिटण्याआधी एकदा ऐकायचंय मला ते उत्तर."

जावयाने चादर काढून मागची फळी उघडली. प्रार्थनागृहाचे कारभारी धावत आले.

"जावईबापू, पाहुण्यासारखे राहा! पेटी मुकी झाली ती देवाच्या इच्छेनं."

"हात घाला इथं, कारभारी. देवाची इच्छा वीतभर लांब आहे, आणि तिच्या कडेला लोखंडाचा गंज लागलाय."

कारभाऱ्यांनी हात घातला. बराच वेळ तो बाहेर काढला नाही. "माझे वडील त्या एकतीसांत होते," ते पुटपुटले. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं..."

"अरे, तुझा बाप आणि माझा नवरा," काकू म्हणाली, "दोघंही मिनिटभर गप्प बसायचे नाहीत. आणि त्यांच्याच नावानं आपण तोंडाला कुलूप लावलं. मी पण लावलं!"

जावयाने नऊ दिवसांत नवे चामडे बसवले, सांधे डिंकाने बंद केले, गंजलेल्या स्प्रिंगा बदलल्या. काकू चाल गुणगुणे. तो पट्टी शोधून काढी.

स्मरणदिनी कारभाऱ्यांनी एकतीस नावे वाचली. बायकांनी प्रश्न गायला. जावयाने पायडल दाबले, मी सूर दिला. मागचे बाक गप्पच! काकूने मान वळवली आणि ती एकटक पाहत राहिली. तेव्हा कारभारी उभे राहिले. "तुझी..." आवाज फाटला. "पुढे!" काकू ओरडली आणि तिने स्वतः चाल धरली. मग एक बाक उठला, दुसरा उठला, आणि माझ्या भात्यातली सारी हवा त्या गर्जनेला अपुरी पडली! चाळीस वर्षांचे उत्तर एका श्वासात बाहेर आले.

काकूने प्रार्थना सात वेळा म्हणायला लावली. "काकू, घसा बसला," कारभारी विनवू लागले. "बसेल कसा? चाळीस वर्षं आराम झालाय त्याला!"

मित्रांनो, जुन्या वस्तूंना नमस्कार जरूर करा. पण वर्षातून एकदा त्यांची मागची फळीही उघडून पाहा. आणि गेलेल्यांसाठी थांबायचे असेल, तर अवश्य थांबा. थांबून झाले, की त्यांचे गाणे त्यांच्यासारखेच मोठ्याने गा.