पिवळी खूण

मालकांनी स्टॉपवॉचचं बटण दाबलं आणि आकडा न बघताच हात खाली घेतला. धाकट्या लेकीची निळी गाडी कानठळ्या बसवत समोरून गेली होती. त्यांची नजर तिच्या वेगावर नव्हती, पुढे पळणाऱ्या दोन गाड्यांवरही नव्हती. ती डाव्या पुढच्या चाकावर होती. ते चाक हललं का? की उन्हाची झळ नुसती? नीट पाहावं तोवर गाडी वळणाआड गेली.

"तिसरी," शेजारी उभा असलेला मिस्त्री म्हणाला. "नऊ फेऱ्या राहिल्या. आज आपली पोरगी कुणाच्या बापाला ऐकत नाही." मग स्वतःच हसला. "म्हणजे तुम्हाला सोडून."

मालक नुसतं "हं" म्हणाले. शर्टाच्या खिशातला पिवळा पेन त्यांनी बाहेर काढला होता आणि अंगठ्यानं त्याचं टोपण काढायचं, लावायचं, असं चाललं होतं.

आठ बोल्ट. पुढच्या दोन चाकांमागे चार-चार, गाडीला वळवणारे आणि थांबवणारे. बाकी गाडी मिस्त्री आणि त्याची माणसं जुळवत, पण हे आठ मालक स्वतः आवळत. शोरूम तीन झाली, ब्रेकचे लायनर बनवणारा कारखाना उभा राहिला, दाराशी सूट घातलेली माणसं तिष्ठत बसू लागली, तरी शर्यतीच्या सकाळी मालक बाह्या सरसावून जमिनीवर बसत. पाना लावायचा, ठरलेल्या जोराला तो 'टक्' करेस्तोवर ओढायचा, आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि मग बोल्टवर पिवळ्या पेनानं पट्टा मारायचा. आधी पाना, मग खूण. आणि जिथे खूण आहे तिथे पुन्हा कुणी हात लावायचा नाही. दोघं जिथे हात लावतात तिथे दोघांनाही वाटतं की दुसऱ्यानं केलं असेल.

हा नियम त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेला नव्हता. सव्वीस वर्षांपूर्वी, ते स्वतः गाडी चालवत होते तेव्हा, असाच एक बोल्ट कुणीतरी आवळायचा विसरलं. कुणी, ते कधी कळलं नाही. डाव्या मांडीत सळई घालून दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांनी हा नियम केला, आणि पुढे स्वतःचा संघ काढला तेव्हा गॅरेजच्या भिंतीवर पहिल्या दिवशी तोच लिहिला.

आज सकाळचं 'सात' त्यांना आठवत होतं. स्वतःचाच आवाज, शांत गॅरेजमध्ये घुमलेला. मग फोन वाजला. आत्ता मागे घडीच्या खुर्चीवर बसलेल्या, रंगाच्या कंपनीच्या साहेबांचाच फोन, पार्किंगचा पास कुठे मिळेल एवढंच विचारायला. कान आणि खांदा यांच्यात फोन धरून मालक मिठ्ठास आवाजात बोलत राहिले, कारण याच साहेबांच्या कंपनीचं नाव गाडीच्या दोन्ही अंगांना होतं. बोलणं संपलं तेव्हा हातात पेन होता आणि आठव्या बोल्टवर ओला पिवळा पट्टा होता.

'आठ' म्हटलेलं आठवत नव्हतं.

ही शंका तेव्हाच का आली नाही? पट्टा दिसला, मन म्हणालं झालं. इतकी वर्षं जो पट्टा सगळ्यांना शांत झोप देत आला, त्यानं त्यांनाही फसवलं. आता मात्र प्रत्येक फेरीला ते ती सकाळ पुन्हा मांडून बघत होते आणि दर वेळी सातानंतर फोनच वाजत होता.

गाडी पुन्हा समोरून गेली. आठ फेऱ्या.

"मिस्त्री," त्यांनी हळूच विचारलं, "डावीकडचा शेवटचा बोल्ट... मी पाना लावताना पाहिलंस?"

मिस्त्री काम करताना सतत काहीतरी गुणगुणत असे. सूर कधी चुकत नसे, शब्द कधी कळत नसत. तो थांबला.

"खूण होती की, मालक."

"खूण होती. पाना लावताना पाहिलंस का?"

"तुमच्या कामावर मी कधीपासून लक्ष ठेवायला लागलो?" त्यानं भिंतीकडे मान उडवली. "नियम तुमचाच. खूण आहे म्हणजे झालंय."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नुसता विश्वास होता. तो विश्वास मालकांना त्या क्षणी सोसवेना.

मागून साहेबांनी हेडफोनचा एक कान उचलला. "काय म्हणतात मिस्त्री? टिकेल ना तिसरा नंबर?"

"टिकेल, साहेब," मालक म्हणाले. आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

पहिल्या तिघांत आलात तर तीन वर्षांच्या करारावर सही. नाहीतर या मोसमाअखेर आमचा रामराम. साहेबांनी हे काल चहाचा कप ठेवता ठेवता, अगदी गोड शब्दांत सांगितलं होतं. करार नाही म्हणजे संघ नाही. मिस्त्री धरून बावीस माणसं, आणि धाकटीची गाडी. शिवाय तो हेडफोन! मालकांनीच कौतुकानं साहेबांना दिला होता, म्हणजे रेडिओवरचं सगळं ऐकता येईल. काल त्यांनी साहेबांना हेही सांगून ठेवलं होतं की आमची पोरगी शर्यतीआधी दहा मिनिटं शटर ओढून गाडीजवळ एकटी बसते, मन एकाग्र करते. "ध्यान करते आमची ताई," असं मिस्त्रीनं जोडलं होतं. त्या दहा मिनिटांत गॅरेजच्या बाहेर माणसं चपला न वाजवता चालत.

ध्यान करून आली आणि जाऊन बसली त्या चाकामागे.

मालकांच्या डोळ्यांपुढे सकाळची धाकटी आली. हेल्मेटच्या पिशवीतून नेलपॉलिशची इवलीशी लाल बाटली घरंगळत आली होती आणि मिस्त्रीनं ती उचलून दिली होती. "ताई, शर्यतीला निघालीस की लग्नाला?" "लागतं कधीकधी," ती म्हणाली होती आणि बाटली झटकन पिशवीत टाकली होती. मालकही हसले होते. सात वर्षांची असताना मांडीवर बसून ती स्टिअरिंग धरायची आणि म्हणायची, बाबा, तुम्ही फक्त पाय चालवा.

सात फेऱ्या.

कोपऱ्यावर ती दुसऱ्या नंबरच्या गाडीच्या इतकी जवळ गेली की साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "वा!" मालकांना ब्रेक लागताना डावं चाक किंचित आत ओढल्यासारखं दिसलं. नव्हतंही दिसलं. देवा, त्यांनी मनात म्हटलं, आणि पुढे काय मागावं ते सुचेना. बोल्ट घट्ट असू दे, हे मागून काय उपयोग? जे सकाळी झालं नसेल ते आता देवानंही कसं करावं? मागायचं तर एकच होतं आणि ते त्यांच्या स्वतःच्याच हातात होतं.

खिशात फोन थरथरला. बायको असणार. ती शर्यत कधीच बघत नसे. ठरलेल्या वेळेला एकच प्रश्न पाठवी: उतरली का?

मालकांनी रेडिओचं बटण दाबलं. संघात कुणीही असो, रेडिओवर नातं चालत नसे. तिथे धाकटी म्हणजे 'गाडी' आणि ते 'बॉस'. हाही नियम त्यांचाच.

"गाडी," ते म्हणाले. खरखर ऐकू आली.

"बोला बॉस."

"बाबा बोलतोय." मिस्त्रीनं चमकून पाहिलं. मागे खुर्ची करकरली. "आत ये. डावीकडच्या आठव्या बोल्टवर मी खूण केलीय, पण पाना लावला की नाही ते मला आठवत नाही. चूक माझी आहे. सावकाश, पण याच फेरीला आत ये."

रेडिओवर नुसती इंजिनाची घरघर. एक वळण. दुसरं वळण. मालकांना वाटलं, ती भांडणार. तिसरी होती ती, दुसऱ्याच्या शेपटीला लागलेली. त्या वयात आपण काय केलं असतं?

"येते, बाबा," ती म्हणाली.

पुढचं दीड मिनिट मालकांच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब होतं. लंगडत ते गॅरेजसमोर पोचले आणि मिस्त्रीच्या हातातला पाना त्यांनी मागून घेतला. गाडी वळून आत आली, थांबली. चाक निघालं. मालक गुडघ्यावर बसले, सळईनं मांडीत कळ मारली. पाना बसवला आणि ओढला.

टक्.

बोल्ट केसभरसुद्धा फिरला नाही. त्यांनी पुन्हा ओढला. टक्. घाम डोळ्यांत उतरत होता. पिवळ्या पट्ट्याच्या टोकाशी काहीतरी लाल चमकल्यासारखं वाटलं, पण बघायला सवड नव्हती. "घट्ट आहे," ते म्हणाले. "लावा चाक." गाडी गेली तेव्हा ती अकरावी होती.

साहेबांनी हेडफोन काढून खुर्चीवर व्यवस्थित ठेवला. "सोमवारी बोलू," ते म्हणाले. रागावलेले दिसले नाहीत, हसलेही नाहीत.

मिस्त्री पाना पुसू लागला. "घट्टच होता मालक. मी म्हटलं होतं ना, खूण आहे म्हणजे—"

"हो," मालक म्हणाले. "म्हटलं होतंस."

धाकटी आठवी आली.

संध्याकाळी उन्हं तिरपी झाली तेव्हा गाडी गॅरेजमध्ये होती, चाकं उतरवलेली. माणसं सामान ट्रकमध्ये चढवत होती. मालक एकटेच आत आले आणि डाव्या बाजूला खाली बसले. पिवळा पट्टा. पट्ट्याच्या टोकाला मसुराच्या दाण्याएवढा लाल ठिपका. त्यांनी त्यावर नख घासलं, निघाला नाही. सातव्यावरही होता. सहाव्यावरही. ते सरपटत उजव्या बाजूला गेले. तिथे चार.

धाकटी बाकावर बसून हातमोजे काढत होती. तिची नखं मुळापर्यंत कापलेली होती आणि कडांना ग्रीस होतं. रंग लावलेला मालकांनी कधी पाहिला नव्हता. ते तिच्या समोर उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसले.

"ध्यान करतेस होय," ते म्हणाले.

ती ओशाळून हसली. मग हसू मावळलं.

"कधीपासून?"

"मागच्या मोसमापासून. कारखाना सुरू झाला तेव्हापासून तुमचा फोन फार वाजतो, बाबा."

बाहेर कुणीतरी ट्रकची फळी आपटली. मालकांनी मान हलवली.

"मग रेडिओवर सांगायचंस ना, मी तपासलाय म्हणून. तिसरी होतीस. आज सगळं त्यावरच होतं, तुला ठाऊक होतं."

"बॉसनं बोलावलं असतं तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "वर भांडलेही असते." हातमोज्याचं एक बोट ती उलटं सुलटं करत राहिली. "सात फेऱ्या होत्या. तुम्ही तिथे उभे राहू शकला नसता."

मालकांच्या ओठांवर एक प्रश्न आला आणि परत गेला. मग त्यांनी तो विचारलाच.

"आज सकाळी तो आठवा... तुझ्या पान्याखाली फिरला का?"

धाकटी खाली वाकली आणि बुटाची नाडी सोडू लागली. नाडी सुटली तरी ती वाकलेलीच होती.

"आता घट्ट आहे ना, बाबा?"

फोन पुन्हा थरथरला. उतरली का? उतरली, असं मालकांनी लिहिलं.

मग ते उठले. धाकटीच्या हेल्मेटची पिशवी बाकावर उघडी होती, तळाशी ती लाल बाटली. मालकांनी खिशातून पिवळा पेन काढला, टोपण घट्ट बसलंय ना ते अंगठ्यानं पाहिलं, आणि तो बाटलीशेजारी ठेवून पिशवीची चेन ओढली.