भरतीची खूण

अंबाजीने तंबूची दोरी मुठीत धरून अंगाचा सगळा भार मागे टाकला. मेख जागची हलली नाही. तो समाधानाने हात झटकत वळला.

“काका, रात्री इथे वारा सुटतो म्हणतात. तंबू उडणार नाही ना?” पुण्याहून आलेल्या पाहुण्यांतल्या एका मुलीने विचारलं.

“माज्या हातची मेख हाय ती, ताई. शेजारपाजारचे तंबू पार पान्यात जाऊन पडल्याले बगितल्यात मी. आपला एक हलला न्हाई आजवर.”

हे तो दर शुक्रवारी सांगे, आणि दर शुक्रवारी त्याची छाती तितकीच फुगे. पवना धरणाच्या काठाला त्याने पहिला तंबू ठोकला तेव्हा इथे तो आणि बगळे एवढेच होते. आता काठाला मुंगी शिरायला जागा नव्हती. तंबूला तंबू खेटलेला, प्रत्येकाचं गाणं निराळं, आणि सकाळी पाण्यावर कागदी ताटल्या तरंगायच्या. जुनी गिऱ्हाइकं नाक मुरडायला लागली होती. काका, जिथे अजून कोणी गेलंच नाही अशी जागा नाही का, असं जो तो विचारी. म्हणून तर अंबाजीने समुद्र गाठायचं मनावर घेतलं होतं.

आज पहाटेच त्याची मुलगी स्नेहल पहिली तुकडी घेऊन कोकणात उतरली होती. सोबत राजेंद्र; गाडी चालवणारा तोच आणि रांधणाराही तोच. पाहुणे एका कंपनीतले, बायकापोरांसकट. किनारा असा, की शेवटच्या वाडीपासून डोंगर उतरून पायी जावं लागे. ना दुकान, ना दिवा, ना मोबाइलला रेंज. स्नेहल पोहण्यात आणि होडी वल्हवण्यात पटाईत होती, पाहुण्यांशी बोलायलाही गोड. पण अंबाजीला तिचं कौतुक निराळ्याच गोष्टीचं होतं. पोरगी माझ्या शब्दाबाहेर जात नाही, हे तो चारचौघांत मान वर करून सांगायचा.

“अवो,” वरच्या स्वयंपाकाच्या शेडमधून बायकोने, मुक्ताने, हाक मारली. “कोळसं पेटवा आता. पावन्यांना चांदन्यात जेवायचंय म्हनं. पुनव हाय आज.”

अंबाजीने मान वळवली. बेडशाच्या डोंगराआडून चंद्र वर येत होता, चांगला परातीएवढा. पाहुणे मोबाइल काढून धावले. अंबाजी मात्र कोळशाचं पोतं उचलता उचलता थांबला. त्याला मागच्या शुक्रवारचा चंद्र आठवला. तो अर्धा होता.

मागच्या शुक्रवारी तो आणि स्नेहल जागा हेरायला गेले होते. डोंगर उतरण्याआधी वाडीतल्या एका बाईने त्यांना चहा दिला. “आज अष्टमी, भांगाचं पाणी, भरती लहान,” ती म्हणाली होती. “आज काय दिसणार तुम्हाला? पुनवेला या उधाण बघायला.” येतो की, असं म्हणून अंबाजी हसला होता. उभा जन्म पाण्याकाठी काढलेला माणूस तो. त्याने पाण्याबद्दल कुणाला काय विचारायचं?

खाली किनाऱ्यावर त्यांनी भरती पुरी होईस्तोवर वाट पाहिली. पाणी चढलं, थबकलं, मागे फिरलं. जिथे थबकलं त्याच्या जरा वर अंबाजीने एक बांबू ठोकला.

“ह्या बांबूच्या रांगंत लावायचं तंबू. दार उगडलं की पानी दिसाय पायजे. लोकं त्याचंच पैसं देत्यात.”

स्नेहल बरीच वर, केवड्याच्या झुडपांपाशी उभी होती. तिथे वाळलेलं शेवाळ, नारळाची सोडणं, बाटल्या, एक तुटकी चप्पल असा कचऱ्याचा पट्टा किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पडला होता.

“आबा, पानी तितंच थांबतंय, तर मग ह्यो कचरा हितवर कसा आला?”

“पावसाळ्यातला असंल. आपल्याकडं न्हाई का, धरन भरतं तवा वर लागतो आन् मग वरीसभर तितंच वाळतो.”

“पन खालनं ओला हाय.”

“दव पडतं. तू मला पानी शिकवू नगं. बांबूच्या वर जायचं न्हाई, कळलं?”

“व्हय, आबा,” ती म्हणाली होती. ती नेहमीच व्हय आबा म्हणायची.

अंबाजीने पोतं खाली ठेवलं. धरणाचं पाणी शहाणं असतं. पावसाळ्यात चढतं, दिवाळी झाली की उतरायला लागतं, आणि झोपलेल्या माणसाच्या अंगावर माघातल्या रात्री ते कधी येत नाही. समुद्रालाही त्याने हेच माप लावलं होतं.

त्याने स्नेहलला फोन लावला. लागला नाही. राजेंद्रला लावला, तोही नाही. मग तो चंद्राचे फोटो काढणाऱ्या त्या मुलीपाशी गेला.

“ताई, तुमच्या मोबाइलवर समुद्राच्या भरतीचं कळतं का हो?”

तिने किनाऱ्याचं नाव विचारून शोधलं. “आज मोठी आहे काका. मध्यरात्रीच्या पुढे पूर्ण भरती.”

“मागल्या शुक्रवारपेक्षा?”

“बरीच मोठी. मीटरभराने तरी. का, काय झालं?”

“काय न्हाई,” अंबाजी म्हणाला.

मीटरभर म्हणजे त्याच्या कमरेपर्यंत. त्या सपाट वाळूवर एवढं पाणी चढलं तर कुठवर पसरेल, हे त्याला सांगायला कोणी नको होतं. तंबूंची दारं त्याने मुद्दाम पाण्याकडे करायला लावली होती. आत लहान पोरं. त्याने शेडमागून मोटरसायकल बाहेर काढली.

“कुटं निगालात?” मुक्ता चुलीपुढे भाकरी थापत होती.

“कोकनात.”

“आता?”

त्याने अडखळत सगळं सांगितलं. मुक्ताचा हात पिठावर क्षणभर थांबला, मग पुन्हा फिरायला लागला.

“तुमी पोचस्तवर तांबडं फुटंल. आन् तिनं पान्याच्या तोंडालाच तंबू लावलं असतील कशावरनं?”

“मी बांबू ठोकून दिलाय तितं! मी सांगितलं तितंच लावनार ती. माजा शब्द कदी मोडलाय का तिनं?”

मुक्ताने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

“जेवून घ्या,” ती म्हणाली. “तुमचीच पोरगी हाय ती.”

अंबाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटची पोर समुद्राच्या तोंडाशी आणि ही बाई भाकऱ्या भाजते! त्याने गाडीला लाथ मारली आणि निघाला. लोणावळ्यापर्यंत तो कसा आला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. पुढे शुक्रवारची गर्दी. खंडाळ्याच्या अलीकडेच गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. चिक्कीच्या दुकानांतून लोक निवांत पिशव्या भरत होते. तो मोटरसायकल कडेला लावून दर थोड्या वेळाने दोघांचे नंबर फिरवत राहिला. घाट उतरून, पुढचे सगळे फाटे पार करून किनाऱ्याला पोचायचं म्हणजे पहाट; भरती तोवर येऊन गेलेली. मुक्ता म्हणाली ते खरंच होतं, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

अंबाजीने आजवर देवाजवळ पोरीसाठी पुष्कळ काही मागितलं होतं. चांगलं शिक्षण मागितलं, चांगलं स्थळ मागितलं. त्या रस्त्याच्या कडेला, हॉर्नच्या गोंगाटात, त्याने पहिल्यांदाच मागितलं की तिने आपलं ऐकलेलं नसू दे. मागून झाल्यावर त्याला स्वतःचीच शरम वाटली. मग त्याने मोटरसायकल माघारी वळवली.

ती रात्र त्याने काठावर बसून काढली. वारा सुटला तसा कुठलातरी तंबू फडफडला, पण तो शेजाऱ्याचा होता. पवनेचं पाणी एकाच दगडाला लागत होतं. संध्याकाळी लागत होतं तिथेच, पहाटेही तिथेच.

फोन आला तेव्हा पाहुणे पोहे खाऊन सामान आवरत होते.

“आबा, मी स्नेहल. रेंजसाटी वर वाडीत आलेय.” चढाने तिला धाप लागली होती. “तुमचे लय मिसकॉल दिसले. काय झालं?”

अंबाजीने फोन कानाशी घट्ट दाबला.

“समदी बरी हायती ना?”

“व्हय की. मजेत हायत. पोरं तर निगायला तयार न्हाईत.”

“तंबू कुटं लावलं व्हतं?”



“तुमी सांगितलं तितंच, आबा. बांबूच्या रांगंत.”

“आन् पानी?”

“आलं व्हतं जरा वर. तंबूपतुर न्हाई आलं.”

“बरं,” अंबाजी म्हणाला. “बरं केलंस.”

त्याने फोन खिशात टाकला आणि पाहुण्यांकडे पाठ करून उपरण्याने डोळे पुसले. पोर जिवंत होती, बाकी काही का असेना. थोड्या वेळाने वाडीत चढून आलेल्या राजेंद्रने फोटो पाठवले. त्या बिचाऱ्याला कोणी काही सांगून ठेवलं नसावं. पहिल्या फोटोत पोरं वाळूत लोळत होती. दुसऱ्यात सगळे तंबू दिसत होते. केवड्याच्या झुडपांच्याही मागे, वरच्या कातळावर, नीट ओळीने. झुडपांच्या अलीकडे शेवाळाचा नवा, ओला पट्टा पडला होता, आणि त्याच्या खाली समुद्रापर्यंत वाळू सारवल्यासारखी गुळगुळीत होती. अंबाजीने दोन बोटांनी फोटो मोठा केला. बांबू कुठेच नव्हता.

जीव भांड्यात पडला तो पडला, पण मागोमाग काहीतरी टोचायला लागलं. पोरगी खोटं बोलली होती. तेही न अडखळता, रोजचं बोलावं तसं. इतकं सहज खोटं कुणाला पहिल्या खेपेला जमत नाही, हे अंबाजीला कळत होतं. त्याने फोन बंद केला, पुन्हा उघडला, तोच फोटो पुन्हा पाहिला. मग तो उठून काठावर आपल्या तंबूंपाशी गेला.

हे तंबू गुरुवारी त्याने स्वतः ठोकले होते. काल त्याने ज्या मेखेची दोरी ओढून पाहिली, तिच्यापाशी तो उकिडवा बसला. मेख चिकणमातीत कानापर्यंत रुतलेली होती. तिच्यापासून हातभर खाली, पाण्याच्या बाजूला, मातीत एक भोक होतं. कडा ढासळलेल्या, पण मेखेच्याच मापाचं. पलीकडच्या मेखेजवळ तसंच एक. त्याच्या पुढच्या तंबूलाही तसंच. अंबाजी मागे सरकून उभा राहिला तेव्हा त्याला दिसलं, की ओळीतला प्रत्येक तंबू किंचित फिरवलेला आहे; लोहगडाकडून येणारा वारा दारात न शिरता पाठीवरून निघून जावा इतकाच. तो दारं नेहमी सरळ पाण्याकडे करायचा. गेली कित्येक वर्षं तो हे तंबू रोज बघत होता, आणि त्याला ते सरळच दिसत आले होते.

“तुमी व्हा फुडं आबा, मी आवरून येते,” ती दर गुरुवारी म्हणायची. गुणाची पोर, असं म्हणत तो चहाला निघून जायचा.

मुक्ता कपबशी घेऊन खाली आली. त्याच्या हातात चहा देऊन ती शेजारी उभी राहिली.

“कदीपासनं?” अंबाजीने विचारलं.

“काय कदीपासनं?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती पाण्याकडे पाहत होती, आणि तिच्या तोंडावर काल भाकरी थापताना होतं तेच शांतपण होतं.

“काय न्हाई,” तो म्हणाला आणि चहा प्यायला.

दुपारी आणखी पाहुण्यांचा फोन आला; रात्रीसाठी दोन तंबू जास्तीचे हवे होते. अंबाजीने कापडं पसरली. जागा त्याने नेहमीचीच धरली, पाण्याला लागून. दारंही सरळ पाण्याकडेच केली. मग तो हातोडा घेऊन मेखा ठोकायला बसला. एरवी त्याचे घाव पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जात. आज तो टकटक करत होता, आणि अर्धी मेख मातीबाहेर असतानाच पुढच्या मेखेकडे सरकत होता.

मुक्ता वरून बघत होती. शेवटी तिला राहवेना.

“अवो, नीट ठोका की. अशानं निगत्याल त्या.”

“निगू दे,” अंबाजी म्हणाला. “सांजच्याला यील ती आवराय.”