जेवताना पाहण्यासारखं मरण

रणांगणावर पडलेला वीर कधीही मरत नाही. तो काळाच्या छातीवर पाय रोवून युगानुयुगे उभा असतो.

ही वाक्ये मालिकेच्या चित्रीकरणाच्या आवारात, दोन पुरुष उंच फलकावर रंगवलेली होती. त्या फलकाखालीच तो कधीही न मरणारा वीर एका पायावर उभा होता. दुसऱ्या पायाकडची त्याची विजार मांडीपर्यंत उसवली होती आणि टेलरमास्तर तोंडात टाचण्या धरून, उकिडवे बसून ती अंगावरच शिवत होते.

"मास्तर, टोचतंय हो."

"हलू नका, म्हणजे नाही टोचणार," मास्तर टाचण्यांतून म्हणाले.

मास्तर स्वतः दोन वर्षे आघाडीवर काढून आले होते. हे तिथे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. पण मालिका सैनिकांवर असल्यामुळे सैनिकाला काही विचारण्याची गरज कोणाला भासली नव्हती. त्यांना बोलावले ते शिवणकामासाठी. आणि पहिल्याच खेपेला त्यांच्या हातून चूक झाली. दिग्दर्शक म्हणाला, "गणवेश अगदी खरे वाटले पाहिजेत," आणि मास्तरांनी ते मनावर घेतले. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस गणवेश त्यांनी मापापेक्षा दोन नंबर ढगळ शिवले. कारण आघाडीवर तिसऱ्या महिन्यानंतर कोणाच्याच अंगाला कपडा बसत नसे. विजारी कमरेला दोरीने बांधाव्या लागत.

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. "अहो, हे सैनिक आहेत का उपाशी गुराखी? तुम्ही कधी सैनिक जवळून पाहिलाय का?"

"रोज दाढी करताना बघतो," मास्तर म्हणाले.

सगळे खूप हसले. मास्तर विनोदी आहेत असे ठरले आणि अठ्ठावीस गणवेश उसवून पुन्हा शिवले गेले: छाती दोन इंच पुढे, पोट चार इंच आत. वीराची विजार उसवत होती ती त्यामुळे.

हा वीर म्हणजे मास्तरांचा मेहुणा. खरा मेहुणा, बायकोचा भाऊ, सतरा वर्षांपूर्वी युद्धात गेला होता. हा त्याची भूमिका करणारा नट. मालिका एका गाजलेल्या पुस्तकावरून काढलेली होती आणि पुस्तक मेहुण्याच्या मरणावर होते. पुस्तकाचा लेखक घरी आला तेव्हा मास्तरांना परतून सहा महिनेही झाले नव्हते. तेव्हा त्यांना बोलताना घाम फुटत असे. लेखकाने वही उघडून शेवटच्या दिवसाविषयी विचारले. "पोट बिघडलं होतं त्याचं," मास्तर म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "पाणी पाणी करत होता." यापलीकडे काही सांगणे त्यांना जमले नाही. पुस्तक छापून आले, तेव्हा त्यात लिहिले होते की त्या शूराच्या पोटात सुडाची आग भडकली आणि मरता मरता त्याने शत्रूच्या अख्ख्या तुकडीला पाणी पाजले. लेखकाने मास्तरांचा एकही शब्द वाया घालवला नव्हता.

शिवाय त्याने मेहुण्याच्या तोंडी अकरा ओळींचे अखेरचे भाषण घातले. सासूबाईंना ते तोंडपाठ होते. शाळाशाळांतून त्यांना बोलावणे येई; त्या व्यासपीठावर उभ्या राहून न अडखळता अकरा ओळी म्हणत आणि मुले टाळ्या वाजवत. अलीकडे त्यांना मुलाचा खरा आवाज आठवेनासा झाला होता. आठवायला गेले की नटाचा आवाज येई.

पुस्तकातली वीरपत्नी जन्मभर खिडकीत बसून राहिली. खरी तिसऱ्या वर्षी एका औषधांच्या दुकानदाराशी लग्न करून दुसऱ्या गावी गेली. पुस्तक वाचलेल्या लोकांनी तिला कधीच माफ केले नाही. तिची तान्ही असताना पोरकी झालेली मुलगी मात्र "वीराची" म्हणून आजीने ठेवून घेतली. घरात सगळे तिला चिमणी म्हणत. आजी, आत्या आणि आत्याचे यजमान म्हणजे आपले मास्तर, अशा तिघांनी तिला वाढवली.

आठ वाजले की घर दूरचित्रवाणीसमोर ताटे घेऊन बसे. शेजारच्या बायका येत. शीर्षकगीतात युद्धाच्या वेळची खरी, जुनी दृश्ये होती आणि त्यात दोन सेकंद एक ट्रक दिसे. ट्रकच्या मागच्या फळीला टेकून एक तरुण सैनिक हसत हात हलवत असे.

"ते बघा, ते बघा, आमचे जावई!" सासूबाई दर वेळी म्हणत. "कसे गोड हसतायत! घरात कधी हसले नाहीत हो असे."

मास्तरांना नेमके त्याच वेळी मोरीतला नळ नीट बंद आहे का ते पाहायला उठावे लागे.

त्या दिवशी भाग संपल्यावर चिमणीने त्यांच्या ताटाशेजारी एक कागद ठेवला.

"काका, इथे सही करा. पालकाची."

"कसला अर्ज?"

"भरतीचा. मला अठरा पूर्ण व्हायला चार महिने कमी आहेत ना, म्हणून लागते."

"अगंबाई!" आत्या म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणीच आले, पण ते अभिमानाचे.

"रक्त बोलतं, दुसरं काय," सासूबाई म्हणाल्या. "करा जावईबापू, करा सही."

"हात खरकटा आहे," मास्तर म्हणाले.

"मग धुवा की!" बायको म्हणाली. "अहो, नळाशीच तर असता सारखे."

मास्तरांनी हात धुतला, पुसला, पुन्हा धुतला. मग अर्ज घडी करून खिशात घातला. "उद्या बघतो."

चिमणीला युद्धाची माहिती नव्हती असे नाही. ती सोमवार ते शुक्रवार आघाडीवरच असे. तिथे धूर निळसर असतो, जखम खांद्याला होते आणि मरणाऱ्याला बोलायला भरपूर वेळ मिळतो.

दुसऱ्या दिवशी मास्तर दिग्दर्शकापुढे जाऊन उभे राहिले. लेखकही तिथेच चहा घेत होता. शेवटचा भाग, म्हणजे मेहुण्याचे मरण, अजून चित्रित व्हायचा होता.

"साहेब, शेवट तेवढा खरा घ्या," मास्तर म्हणाले. "घरची मुलगी भरतीला निघालीय. माझं ऐकायची नाही. तुमचं ऐकेल."

"खरा म्हणजे?"

"तो गोळीनं गेला नाही. हगवणीनं गेला."

दिग्दर्शकाने चहाचा कप खाली ठेवला. तो मनाने चांगला माणूस होता. त्याने मास्तरांना खुर्ची दिली. "मास्तर, मला समजतंय हो. पण लोक आठ वाजता जेवत असतात."

"सैनिकाला होत नाही का हगवण?"

"होत असेल ना. पण आठ वाजता नाही."

लेखक खाकरला. "सत्य मलाही प्रिय आहे. पण त्याला काही उंची हवी की नको?"

"दवाखाना दीड तासावर होता," मास्तर म्हणाले. "आमचा ट्रक वाटेत अडवून ठेवला. पावणेतीन तास."

"शत्रूने?" लेखकाने वही काढली.

"नाही. तुमच्या वाहिनीने. चित्रीकरण चाललं होतं."

लेखकाने वही मिटली. दिग्दर्शक फलकाकडे पाहत म्हणाला, "मास्तर, ती विजार तेवढी मांडीत सैल करून ठेवा हं. मरताना गुडघ्यावर बसायचंय त्याला."

भर दुपारी चिमणी मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हते. मास्तरांनी यंत्राचे चाक हाताने थांबवले.

"सही झाली का, काका?"

"बस. तुझ्या फोनवर ते शीर्षकगीत लाव. मी दिसतो तिथे थांबव."

तिने लावले, थांबवले. तरुण मास्तर हात वर करून हसत होते.

"माझ्या पायाशी काय आहे?"

"काय माहीत. फळी आड येतेय."

"फळीच्या आत तुझे बाबा होते."

चिमणीने त्यांच्याकडे पाहिले, मग फोनकडे. फळीआडचे दिसेल म्हणून तिने चित्र बोटांनी मोठे केले. नुसते ठिपके झाले.

मास्तर हातातल्या कापडाकडे बघत बोलत होते. "विहिरीचं पाणी खराब होतं. आम्ही अकरा जण आजारी पडलो. तुझ्या बाबांना पाच दिवस काही ठरेना पोटात. डोळे असे आत गेले होते. ट्रकमध्ये घातलं, निघालो. पुढे रस्ता बंद. टीव्हीवाले आले होते. नव्या कपड्यांतले जवान नव्या गाड्यांतून जाताना दाखवायचे होते. ऊन बरोबर पडेना, म्हणून त्या गाड्या परत परत फिरवल्या. मग एक टोपीवाला माझ्याकडे आला. म्हणाला, 'तुम्ही मागे उभे आहात ना, जरा हसून हात हलवा, घरचे लोक बघतील.' मला वाटलं, हलवला तर सोडतील लवकर."

"हलवलात?"

"तीनदा. दुसऱ्यांदा हलवला तेव्हा तुझ्या बाबांनी माझा पाय धरून ठेवला होता. तिसऱ्यांदा नव्हता धरलेला."

यंत्रात अर्धी बाही अडकून लोंबत होती.

"काय म्हणाले बाबा? शेवटी?"

"पाणी म्हणाला. पाणी संपलं होतं. मग काही नाही म्हणाला."

"माझ्याबद्दल?"

इथे एक लहानसे खोटे बोलता आले असते. पुस्तके याच जागी जन्माला येतात.

"नाही, बाळ," मास्तर म्हणाले.

तिने ओढणीने तोंड पुसले. "आजीला सांगितलंत?"

"नाही."

"सांगू नका." आणि मग, हळूच, "काका, माझा विश्वास बसला."

मास्तरांच्या छातीवरचा सतरा वर्षांचा धोंडा हलला. त्यांनी खिशातून अर्ज काढला. "मग फाडू हा?"

"नको, नको!" तिने तो त्यांच्या हातातून ओढून घेतला. "आता तर जायलाच पाहिजे."

"अगं, आत्ता काय सांगितलं मी?"

"म्हणूनच. आजी सगळीकडे जाऊन त्या ओळी म्हणते, त्या आतापर्यंत खोट्याच होत्या ना? घरातलं कोणीतरी एकदा तसं वागलं की त्या खऱ्या होतील." हे तिने मालिकेतल्या नटीसारखे मान उंचावून म्हटले असते, तर मास्तर भांडले असते. पण ती नाक ओढत, अगदी साध्या आवाजात बोलली.

मास्तरांनी सही केली नाही. त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला बाजूला घेऊन सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि ती म्हणाली, "डॉक्टर म्हणालेच होते, तुम्हाला कधीकधी भलतंच आठवेल म्हणून." जरा वेळाने तिला राहवले नाही. "माझ्या भावाचं मोठेपण तुम्हाला कधी बघवलंच नाही."

सही सासूबाईंनी केली. अकरा ओळी न अडखळता म्हणणाऱ्या त्या बाईंना स्वतःचे नाव लिहायला पाच मिनिटे लागली.

महिनाभराने, सोमवारी सकाळी चिमणी निघाली. बसथांब्यावर वाहिनीची माणसे आधीच येऊन उभी होती, कारण येत्या शुक्रवारी शेवटचा भाग होता आणि वीराची मुलगी त्याच आठवड्यात भरतीला निघावी हा योग कोणालाही सोडवला नसता. तिला बसमध्ये तीनदा चढायला लावले. सासूबाईंनी अकरा ओळी म्हटल्या. लेखकाने तिच्या डोक्यावर हात ठेवून "आता दुसरा खंड" असे म्हटले. आत्या रडली, तिला कॅमेऱ्याकडे बघून रडायला सांगितले, तशी ती तिकडे बघून रडली.

या गोष्टीत कोणी दुष्ट माणूस सापडतो का, म्हणून मी पुष्कळ शोधले. दिग्दर्शक रोज आपल्या आईला फोन करी. लेखकाने कोणाचे वाईट चिंतले नव्हते. टोपीवालासुद्धा नोकरीच करत होता. राहता राहिलो आपण. आपण काय केले? रोज आठ वाजता ताट घेऊन बसलो आणि घास अडकणार नाही असेच मरण पाहायला मागितले. ज्यांनी दुसरे मरण पाहिले होते, त्यांना आपण विजारी शिवायला दिल्या.

मास्तर गर्दीच्या मागे उभे होते. बस सुरू झाली तशी खिडकीतून चिमणीचा हात बाहेर आला. "काका! अहो काका, इकडे या!"

मास्तर धावले. वाटेत कॅमेऱ्याची तार पायात आली, तिला ओलांडून धावले. पन्नाशीचा माणूस, गुडघे वाजत होते. उतरते की काय! एवढे एकच त्यांच्या मनात होते. त्यांनी खिडकीची कड धरली.

"बोल, बाळ. थांबवू का गाडी?"

"नको, नको." ती बाहेर वाकली आणि आजूबाजूला बघून, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "तिथे टीव्ही नसतो म्हणे. शुक्रवारचा भाग तेवढा रेकॉर्ड करून ठेवाल? मधल्या जाहिराती काढून टाका."